रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेचा इतिहास कसा लिहावा

विद्यार्थी शाखेसाठी किंवा अधिवेशनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या व्यावसायिक संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांपैकी बहुतेक जण स्थापनेची तारीख आणि अध्यक्षांची यादी यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात सभासदत्वाच्या अटींपासून करावी, कारण रासायनिक अभियंता नेमके कोणाला म्हणायचे, याच प्रश्नातून या संस्था जन्मल्या.

प्रथम फसलेले प्रयत्न शोधावेत. ब्रिटिश रासायनिक अभियंते जॉर्ज डेव्हिस यांनी 1880 मध्ये लंडनमध्ये रासायनिक अभियंत्यांची संस्था काढण्याची खटपट केली, पण ती सिद्धीस गेली नाही. 1881 मध्ये जी संस्था उभी राहिली तिच्या नावात अभियंत्याऐवजी उद्योग आला: सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्री. डेव्हिस तिचे पहिले सचिव होते. ब्रिटनमधील स्वतंत्र संस्था, इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनिअर्स, स्थापन व्हायला 1922 उजाडले. या मधल्या काळात 1887 च्या सुमारास डेव्हिस यांनी मँचेस्टरला दिलेली व्याख्याने आणि 1918 मध्ये जुन्या सोसायटीतच निघालेला रासायनिक अभियंत्यांचा गट हे दुवे वगळले, तर 1922 ची घटना आकाशातून पडल्यासारखी वाटते.

त्यानंतर संस्थेला विरोध कोणाचा होता, हे पाहावे. हा भाग सर्वांत फलदायी ठरतो. अमेरिकेत 1908 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स स्थापन झाली, तेव्हा 1876 पासून चालत आलेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीला आपले सभासद फुटतील अशी धास्ती वाटली आणि तिने त्याच वर्षी औद्योगिक रसायनतज्ज्ञ व रासायनिक अभियंत्यांसाठी स्वतःचा विभाग उघडला. नव्या संस्थेने प्रवेशाच्या अटी कडक ठेवल्या, त्यामागे हा ताण होता. तरीही रसायनशास्त्रज्ञाहून आपण वेगळे कसे, याचे समर्पक उत्तर मिळाले ते 1915 मध्ये, जेव्हा अमेरिकन रसायनतज्ज्ञ आर्थर डी. लिटल यांनी ऊर्ध्वपातन, गाळणे, वाळवणे अशा, कारखाना कोणताही असला तरी समान राहणाऱ्या, क्रियांना ‘युनिट ऑपरेशन्स’ म्हटले. याच पायावर अभ्यासक्रम तपासता आले, आणि 1925 मध्ये संस्थेने मान्यताप्राप्त 14 शिक्षणसंस्थांची पहिली यादी काढली.

तारखा लिहिताना स्थापना, नोंदणी आणि सनद यांची गल्लत करू नये. ब्रिटिश संस्थेला राजसनद मिळाली ती 1957 मध्ये.

भारतासाठी हीच पद्धत वापरावी. डॉ. हिरालाल रॉय यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, कलकत्त्यात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स सुरू झाली. मात्र शिक्षणाची परंपरा त्याहून जुनी आहे. कलकत्त्यातील जादवपूर येथे चाललेल्या रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाच्या जोडीने मुंबई विद्यापीठाच्या 1933 मध्ये सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचाही, म्हणजे आपल्या यूडीसीटीचा, विचार केल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही.

अपघातांनी संस्थांना काय करायला लावले, हेही नोंदवावे: 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1985 मध्ये अमेरिकन संस्थेने रासायनिक प्रक्रियांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे केंद्र काढले.

साधनांमध्ये स्मरणिकांपेक्षा सभांच्या इतिवृत्तांवर अधिक विसंबावे, कारण स्मरणिकेत गौरव असतो आणि मतभेद इतिवृत्तातच सापडतात. जुन्या नियमावलीच्या सर्व आवृत्त्या जवळ ठेवून सभासदत्वाचे कलम दर वेळी कसे बदलले, ते ओळीने उतरवून काढावे, आणि त्या बदलांच्या वेळी हजर असलेल्या ज्येष्ठ सभासदांना लेखन सुरू करण्यापूर्वीच भेटावे.