द्राक्षबागेवर निघालेल्या टोळीतल्या बायकांची औषधं आणि तपासण्या चुकू नयेत म्हणून काय करावं

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर भाताची कापणी-झोडणी उरकली की टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांकडे निघतात. आधी डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, मग जानेवारीपासून काढणी. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. नेमकी याच महिन्यांत गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख हुकते, लोहाच्या गोळ्या संपतात, गरोदर बाईच्या तपासण्या बुडतात. बायकांना समज नाही, असं म्हणून हात झटकले जातात, ते चूक आहे. पाड्याच्या आशाताईंच्या वहीत बाईचं नाव असतं, पण बाई गावात नसते. बागेच्या गावात बाई असते, तर तिथल्या वहीत तिचं नाव नसतं. म्हणून खरं काम निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत करायचं.

निघण्यापूर्वी

उचल (आगाऊ मजुरी) घेतली की टोळी ठरते. त्याच वेळी मुकादमाकडून गाव, बागायतदाराचा फोन आणि अंदाजे मुक्काम विचारून घ्या. नंतर प्रत्येक बाईशी एकटीने बोला. सासूसमोर किंवा मुकादमासमोर पाळीबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते खरं असेलच असं नाही. पाळी चुकली असेल तर निश्चय या गरोदरपण तपासणीच्या किटने लघवी तपासा आणि निकाल पाच मिनिटांनी वाचा.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या बाईची तारीख हंगामाच्या मध्यावर पडते, म्हणून ती आधीच मांडून द्या. १० नोव्हेंबरला इंजेक्शन घेतलं तर तेरा आठवड्यांनी, म्हणजे ९ फेब्रुवारीला पुढचं. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत घेता येतं. म्हणजे २६ जानेवारी ते साधारण ९ मार्च. या तिन्ही तारखा अंतरा कार्डावर ठळक लिहा. त्याहून उशीर झाला तर आधी गरोदरपणाची तपासणी, मगच इंजेक्शन. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तसं केलं तर औषध लवकर पसरतं आणि परिणाम कमी टिकतो. पहिल्या महिन्यांत अधूनमधून डाग दिसतात, पुढे पाळी बंदही होते. "रक्त पोटात साचतं" या भीतीनेच बहुतेक जणी दुसरं इंजेक्शन टाळतात. रक्त तयारच होत नाही, त्यामुळे साचायला काही नसतं, हे सुईच्या आधी सांगा. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही.

छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर पुढे रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. पाकिटात आठ गोळ्या असतात. नव्याने सुरू करणारीला चार महिन्यांसाठी चार पाकिटं लागतात, जुनीला तीन. गोळी विसरली तर आठवताच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. पाकिटं झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगा. बागेवरच्या खोपीत ओल आणि उंदीर दोन्ही असतात.

तांबी बसवलेल्या बाईला काही न्यायचं नाही. वारंवार स्थलांतर करणाऱ्या आणि काही वर्षं मूल नको असणाऱ्या बाईला ती सगळ्यात सोयीची पडते, अर्थात तिची स्वतःची इच्छा असेल तर.

गरोदर बाईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, पासबुक, सोनोग्राफीचा कागद, आणि चार महिन्यांसाठी लोहाच्या १२० व कॅल्शियमच्या २४० गोळ्या (दुसऱ्या तिमाहीपासून). कॅल्शियम सकाळ-रात्री जेवणानंतर, लोह दुपारी. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. चहाही लोहाच्या गोळीच्या आसपास तासभर नको, आणि बागेवर दुपारचा चहा ठरलेला असतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर टोळीबरोबर पाठवू नका, रुग्णालयात न्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर नवराबायको दोघांचीही करून घ्या: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

कार्डावरच्या आरसीएच क्रमांकाचा (सरकारी नोंदीतला तिचा क्रमांक) मोबाइलवर फोटो घ्या आणि बागेच्या गावच्या आशाताईंना पाठवा. एका फोनने जे होतं ते पत्त्याच्या पुराव्यांनी होत नाही. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि वाहन मोफत आहे. रहिवासाचा दाखला मागून परत पाठवण्याचा कुणालाही अधिकार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी डॉक्टर करतात. बागायतदाराला ही तारीख आधी सांगितली तर खाडा पडण्याची भांडणं होत नाहीत.

बागेवर

फवारणी आणि छाटणीनंतर काड्यांना लावायची हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट ही कामं गरोदर बाईला द्यायचीच नाहीत. ते औषध कातडीतून अंगात जातं. औषध कालवायच्या पिंपातलं पाणी प्यायला, धुवायला वापरायचं नाही. रिकामे डबे कितीही विसळले तरी पाण्यासाठी नकोत.

आडोसा नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, आणि गरोदरपणात हाच संसर्ग दिवस भरण्याआधी प्रसूतीला कारण ठरतो. चार बांबू, शेडनेट आणि पाण्याची बादली एवढ्यात आडोसा होतो. तो मागण्याची जबाबदारी मुकादमाने घ्यावी.

खोपीच्या भिंतीवर बागेचा गट क्रमांक, शिवाराचं नाव आणि जवळची ठळक खूण मोठ्या अक्षरात लिहा. रात्री १०८ ची गाडी बहुतेकदा पत्त्यापायी फिरत राहते, कारण फोन करणाऱ्याला सांगता येतं ते फक्त "शेठच्या बागेत". अंगावरून रक्त जाणं, पाणी फुटणं, झटके (आकडी) येणं, तीव्र डोकेदुखी आणि अंधुक दिसणं, बाळाची हालचाल मंदावणं: यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

पांढरं जाण्याला वास, खाज किंवा ओटीपोटात दुखणं जोडून आलं तर उपचार लागतो, आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही लागतो. तो पाड्यावर राहिला असेल तर त्याच्या गोळ्या त्याच्या गावच्या उपकेंद्रातून मिळतील अशी व्यवस्था करा, नाहीतर परतल्यावर संसर्ग पुन्हा होतो. दिवस गेले असतील तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीबद्दल नाव न सांगता विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

नको असलेले दिवस राहिले तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जीव जाऊ शकतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपातानंतर सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजले तर लगेच रुग्णालय.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईंनी तीन गोष्टी बघाव्यात: अंतराची तारीख, कार्डावर बागेच्या गावी झालेल्या नोंदी, आणि तिथे जन्मलेल्या बाळाच्या लसी. बाळाचा जन्मदाखला जन्म झाला त्या ठिकाणीच निघतो, तेव्हा तो बागेवरून निघण्यापूर्वी हातात घ्यायचा.