फिनिश साहित्याभ्यासक-अनुवादकाचं चरित्र लिहायला घेताना

जन्म-शिक्षण नंतर. आधी त्या व्यक्तीने वापरलेल्या सगळ्या नावांची यादी करा. यूलिउस क्रोन (१८३५–१८८८) यांनी साहित्याचा इतिहास स्वतःच्या नावाने लिहिला, कविता मात्र 'सुओनिओ' नावाने. त्यांची मुलगी हेल्मी लग्नानंतर सेतॅलॅ झाली, घटस्फोटानंतर पुन्हा क्रोन. शिवाय १९०६ मध्ये फिनिश भाषेचे पुरस्कर्ते विचारवंत स्नेलमन यांच्या जन्मशताब्दीला हजारो लोकांनी स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. एकाच नावाने शोधलंत तर बरंच काम नजरेतून सुटेल.

मग जुनी वृत्तपत्रं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर १९३९पर्यंतची मोफत वाचता येतात. शोधताना नाव जसंच्या तसं टाकून भागत नाही, कारण फिनिशमध्ये विशेषनामालाही विभक्ती लागते. होमरचे अनुवादक ओट्टो मान्निनेन घ्या. षष्ठीत त्यांचं 'मान्निसेन' होतं, म्हणून 'मान्नि' एवढाच भाग देऊन पुढे तारांकन (*) टाका. एकोणिसाव्या शतकातला मजकूर बहुधा गॉथिक वळणाच्या टायपात आहे. छापील मजकूर वाचणारं यंत्र त्यातला लांब 'एस' (ſ) सर्रास 'एफ' वाचतं. तेव्हा 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू' छापत, म्हणून विपुरी या गावासारखी नावं दोन्ही अक्षरांनी शोधा.

अनुवादांसाठी तक्ता करा: मूळ कृती, पहिल्या फिनिश आवृत्तीचं साल, प्रकाशक, छापलेलं अनुवादकाचं नाव आणि अनुवाद कोणत्या भाषेतून झाला. शेवटचा रकाना सर्वात कटकटीचा, पण खरा ऐवज तिथेच आहे. अनुवाद स्वीडिश किंवा जर्मनमार्गे झाल्याचा संशय असेल तर त्या भाषेतली आधीची आवृत्ती शेजारी ठेवा. तेच परिच्छेद गाळलेले, पात्रांच्या नावांची वर्णरचना तीच, असं दिसलं की उलगडा होतो. पुनर्मुद्रणाचं साल पहिल्या आवृत्तीचं म्हणून नोंदवू नका. पावो कायांदर यांचा 'हॅम्लेट'चा अनुवाद १८७९चा, पण नंतरही छापला गेला.

पत्रव्यवहारासाठी हेलसिंकीतल्या फिनिश साहित्य संस्थेचं (स्थापना १८३१) अभिलेखागार पाहा. त्या काळच्या सुशिक्षितांची घरची भाषा अनेकदा स्वीडिश असे, त्यामुळे निव्वळ फिनिशवर निभावणार नाही.

तारखांना हात लावू नका. रशियन अमलातही (१८०९–१९१७) फिनलंडमध्ये ग्रेगोरियन कॅलेंडरच चालू होतं. रशियातल्या जुन्या ज्युलियन तारखा समजून बारा-तेरा दिवस वाढवलेत तर चूक होईल. गावांची दोन्ही नावं द्या: तुर्कू म्हणजेच ओबू. विपुरी आज रशियात आहे, हेही तिथेच सांगून टाका.