गणित नाही, आधी वाक्य सोडवा

विश्रामबागेत अकरावी-बारावीची पोरं शिकवतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं कूलोमचा नियम (दोन विद्युत प्रभारांमधलं बल सांगणारा) घडाघडा म्हणतं, पण इंग्रजी प्रश्नातल्या ‘फिक्स्ड’ (जागेवर पक्का) आणि ‘फ्री’ (हलायला मोकळा) यांतला फरक त्याला दिसत नाही आणि तिथंच गाडी अडते.

हे बघा: +४ आणि +१ मायक्रोकूलोमचे बिंदूप्रभार ३० सेंमी अंतरावर ‘फिक्स्ड’ आहेत. तिसरा कुठे ठेवला तर त्याच्यावरचं बल शून्य? ‘त्याच्यावरचं’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पहिले दोघं खिळ्यानं ठोकलेत, त्यांचं काय होतंय ते बघायचं नाही. प्रभार ४:१, बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून अंतरं २:१. दोघांच्या मधे, मोठ्यापासून २० सेंमी. तिसऱ्याचं मूल्य, चिन्ह काहीही असो.

आता ‘फिक्स्ड’ खोडून ‘फ्री’ लिहा आणि तिघंही समतोलात हवेत म्हणा. जागा तीच, पण आता तिसरा ऋणच लागतो, आणि नेमका ४/९ मायक्रोकूलोम. एका शब्दानं प्रश्नच बदलला की!

‘बिंदू’ म्हणजे आकार विसरा. प्रभार ‘हवेत’ आहेत म्हटलं, म्हणजे माध्यम हवा, की नियमातला स्थिरांक नेहमीचा ९×१०⁹ घ्या. आणि सेंमीचे मीटर करा, हे दरवर्षी घसा बसेपर्यंत सांगतो.