दाव्यातली दुरुस्ती सरतपासाआधीच उरका

समजा, जळगावच्या व्यापाऱ्याने कापसाच्या १०० गाठींच्या सौद्याचा दावा लावला, पण करारातली ओलाव्याची अट लिहायची राहिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ खाली अर्ज द्या. ‘परिच्छेद ७, तिसऱ्या ओळीनंतर’ असं ठिकाण सांगून नवा मजकूर शब्दशः लिहा. ‘योग्य ती दुरुस्ती व्हावी’ एवढ्यावर भागत नाही. पुरावा, म्हणजे सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली जबानी), सुरू झाला, की काळजी घेऊनही हे आधी का मांडता आलं नाही ते कोर्टाला पटवावं लागतं. करार पहिल्यापासून फायलीत असेल तर ते अवघडच. मंजुरीच्या आदेशात मुदत नसेल तर १४ दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष करा. बरेच जण इथेच ढिलाई करतात. व्यापारी दाव्यात दुरुस्त मजकुरालाही सत्यतेचं प्रतिज्ञापत्र जोडा.