कपॅसिटर चार्ज करण्याआधी: आर-सी प्रयोगाच्या तयारीची यादी

आर-सी प्रयोग म्हणजे बॅटरी, रेझिस्टर आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडून कपॅसिटर हळूहळू भरताना त्याच्या दोन्ही पायांवरचं व्होल्टेज मीटरने मोजणं. सामान थोडंच लागतं. ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डिस्चार्जसाठी १ किलोओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, सहा-सात जंपर वायर, डिजिटल मल्टिमीटर आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. कपॅसिटर किमान १६ व्होल्टचा घ्या, २५ चा असला तर आणखी बरं.

४७ किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड ही जोडी मुद्दाम निवडली आहे. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर बॅटरीच्या ६३ टक्क्यांपर्यंत भरायला लागणारा वेळ), ४७ सेकंद येतो आणि दर १० सेकंदांनी रीडिंग निवांत लिहिता येतं. १ किलोओहम लावलात तर पेन उचलेपर्यंत कपॅसिटर भरलेला असतो. १ मेगाओहम लावला तर वेगळीच पंचाईत होते: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा करंट कायम गळत असतो, आणि ती गळती २ मायक्रोअँपिअर धरली तरी रेझिस्टरवरच २ व्होल्ट पडतात. मग ७ व्होल्टच्या पुढे आकडा सरकत नाही आणि दोष बॅटरीला दिला जातो.

जोडणी करण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मोजून घ्या. पिवळा, जांभळा, नारिंगी, सोनेरी पट्टे असले तर ४७ किलोओहम, ५ टक्के इकडे-तिकडे. मोजताना दोन्ही टोकं बोटांत धरू नका. अंगाचा रोध समांतर जोडला जातो आणि आकडा कमी दिसतो. बॅटरीचं व्होल्टेजही मोजून वहीत लिहा, कारण वेष्टनावरचे ९ व्होल्ट आणि प्रत्यक्षातले ९ व्होल्ट क्वचितच जुळतात. कपॅसिटरचा टॉलरन्स, म्हणजे छापील आकड्यापासूनचा फरक, तर बहुधा २० टक्के असतो. त्यामुळे ४७ ऐवजी ४० किंवा ५५ सेकंद आले तर सूत्रावर शंका घेऊ नका.

कपॅसिटरच्या अंगावर वजा चिन्हांचा पट्टा असतो, त्या बाजूचा पाय बॅटरीच्या ऋण टोकाकडे. उलटा लावला तर गळती वाढते, तो तापतो आणि प्रसंगी फुटतो. हे एकदा नाही, दोनदा तपासा. ब्रेडबोर्डवर पाच छिद्रांची एक ओळ आतून जोडलेली असते. कपॅसिटरचे दोन्ही पाय एकाच ओळीत गेले तर मीटर शून्यावरच बसेल. रेझिस्टरचे गेले तर क्षणात ९ दाखवेल. चूक कुठे आहे ते या दोन खुणांवरून लगेच कळतं.

मीटर डीसी व्होल्टच्या २० रेंजवर ठेवा. लाल प्रोब आधीच्या मोजणीमुळे अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर कपॅसिटर शॉर्ट होईल. बॅटरीला थेट लागली तर मीटरचा फ्यूजही जाऊ शकतो.

वेळ अचूक हवी असेल तर एक युक्ती. रिकाम्या कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर एक जंपर टाका आणि मग बॅटरी जोडा. रेझिस्टर असल्यामुळे जेमतेम ०.१९ मिलिअँपिअर वाहतो, धोका काही नाही. जंपर उपसला तो शून्य सेकंद. १० सेकंदांना साधारण १.७ व्होल्ट, ४७ ला ५.७ (बॅटरीच्या ६३ टक्के), आणि चार मिनिटांत जवळपास पूर्ण, असे आकडे आधीच वहीत मांडून ठेवा. वाट चुकली तर पहिल्या दोन रीडिंगमध्येच कळतं.

डिस्चार्जसाठी नुसती बॅटरी काढून चालत नाही. करंटला वाटच उरत नाही आणि व्होल्टेज तसंच टिकून राहतं. बॅटरी काढून रेझिस्टरचं तिच्याकडचं टोक ऋण रांगेत (जिथे कपॅसिटरचा वजा पाय जोडला आहे) न्यावं लागतं, तेव्हा ४७ सेकंदांनी ३.३ व्होल्ट उरतात.

दुसऱ्या फेरीत दोन कपॅसिटर समांतर लावून ९४ सेकंद आणि एकापुढे एक लावून २३.५ सेकंद येतात का ते पाहा; रेझिस्टरच्या नेमकं उलट. प्रत्येक फेरीआधी १ किलोओहममधून दहा सेकंद डिस्चार्ज करा. तो काढल्यावर मीटरवर काही मिलिव्होल्ट हळूहळू परत चढताना दिसतील. घाबरू नका, डायलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरमधल्या विद्युतरोधक थरात) अडकलेला चार्ज सावकाश बाहेर येतोय. जंपर टाकला की तोही जातो.