हायपोस्पाडियासचं ऑपरेशन: या चुका टाळा

लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं म्हणजे हायपोस्पाडियास. ऑपरेशनचं योग्य वय साधारण 6 ते 18 महिने. त्याआधी सुंता करू नका. दुरुस्तीला तीच कातडी लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑपरेशननंतर लघवीच्या वाटेत ठेवलेल्या नळीचा. 5 ते 10 दिवस लघवी या नळीतून डायपरमध्ये ठिबकते. बाळाला घेऊन एसटीने अक्कलकोट-बार्शी गाठेपर्यंत डायपर दोनदा करकचून बांधला जातो आणि नळी मुडपते. डायपर कोरडा दिसला की घरचे म्हणतात, "ऊन आहे, पाणी कमी प्यायलाय." बाळ पाय आखडून किंचाळतं, कुंथतं आणि लघवी नळीच्या कडेने, ताज्या टाक्यांवर जोर देत बाहेर येते. टाके उसवले तर तिथे भोक राहतं. हाच फिस्टुला.

म्हणून दोन डायपर घाला. आतला शीसाठी, त्याला पुढून भोक पाडून नळीचं टोक बाहेरच्या डायपरमध्ये सोडा. दर दोन तासांनी बाहेरच्याला हात लावून बघा. कोरडा लागला तर आधी नळीची घडी सोडवा. तरी थेंब येत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळची वाट बघणं महागात पडतं. नळी स्वतः ओढू तर अजिबात नका.

बाळाला कडेवर घेऊ नका, पाय फाकून जखमेवर दाब येतो. दोन्ही हातांवर आडवं घ्या. ट्रायसिकल तीन आठवडे बंद.

ड्रेसिंग चिकटलं तर ओढू नका. हळद, तेल काही लावायचं नाही.

शी कडक होऊ देऊ नका.

रक्ताचे एक-दोन डाग चालतात. रक्त थांबेना किंवा ताप आला तर लगेच दाखवा.

दुसरी मोठी चूक घाईची. फिस्टुलामुळे लघवीच्या दोन धारा दिसल्या की नातेवाईक "लगेच एक टाका मारून द्या" म्हणून मागे लागतात. ऑपरेशननंतर किमान 6 महिने थांबायलाच हवं. सुजलेल्या, कडक कातडीत टाके टिकत नाहीत. शिवण्याआधी टोकाचं छिद्र आकसलंय का, हेही तपासून घ्या. पुढची वाट अरुंद ठेवून मागचं भोक बुजवलं तर लघवी दाबाने पुन्हा तिथूनच फुटते. धार सुतासारखी बारीक, कुंथून येणारी, बराच वेळ चालणारी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि तपासणीला येताना मुलाला वाटेत शू करायला लावू नका. धार डॉक्टरांना समोर बघू द्या.