काढता पाय घेण्याआधी: अमेरिकेतलं पोडियाट्री कॉलेज बदलायचं असेल तर

अमेरिकेत पायांचा डॉक्टर होण्यासाठी चार वर्षांची डीपीएम पदवी लागते आणि ती देणारी कॉलेजं मोजून अकरा. त्यातलीही दोन अगदी नवी आहेत: टेक्सासमधलं रिओ ग्रँड व्हॅलीचं २०२२ मध्ये सुरू झालं, पेनसिल्व्हेनियातलं लेकॉमचं २०२३ मध्ये. एवढ्या लहान जगात एका कॉलेजातून दुसऱ्यात जाता येतं, पण दार फार काळ उघडं नसतं. पहिलं वर्ष संपून दुसरं सुरू होण्याआधीचा काळ सगळ्यात सोयीचा. दुसऱ्या वर्षानंतर अवघड होतं, कारण पदवी देणारं कॉलेज शेवटची दोन वर्षं सहसा आपल्याकडेच करायला लावतं. तिसरं वर्ष अर्धं झालं असेल, तर ट्रान्सफरचा नाद सोडलेला बरा. चौथ्या वर्षात एक्स्टर्नशिपसाठी, म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या प्रशिक्षणासाठी, तसंही महिना-महिना बाहेरच काढायचा असतो.

आधी तक्रार नक्की कशाची आहे ते कागदावर लिहा. घरापासूनचं अंतर, न परवडणारं शहर, क्लिनिकमध्ये पेशंट कमी मिळणं, शिकवण्याची पद्धत न मानवणं, या गोष्टी कॉलेज बदलून सुटू शकतात. डेस मॉईन्स किंवा पोमोना इथे पायाभूत विषय ऑस्टिओपॅथीच्या (डॉक्टरकीच्या दुसऱ्या एका पदवीच्या) विद्यार्थ्यांबरोबर शिकावे लागतात. काहींना ते आवडतं, काहींची दमछाक होते. पण पाठांतराचा डोंगर, आठवड्याआड परीक्षा आणि ‘आपल्याला पाय बघण्यात रसच नाही’ ही जाणीव नव्या कॉलेजातही तुमच्याबरोबरच येणार. नापास विषय डोक्यावर असेल, तर तो आधी काढा. नव्या कॉलेजला ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक असल्याचं, जुन्या कॉलेजचं पत्र लागतं. प्रोबेशनवर असलेल्या विद्यार्थ्याला ते मिळणं कठीण, आणि काढून टाकलेल्याला तर बहुधा पहिल्या वर्षापासून नवा अर्जच करावा लागतो.

ऑगस्टच्या प्रवेशासाठी विचारणा फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. पहिला ईमेल अ‍ॅडमिशन ऑफिसला जाऊ द्या आणि तो चार ओळींचा असू द्या: सध्या कोणत्या कॉलेजात, कितव्या सत्रात, जीपीए किती, आणि ‘दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, ट्रान्सफरचे लेखी नियम कुठे मिळतील?’ जुन्या कॉलेजची निंदा त्यात नको. कारण विचारलं तर एका वाक्यात आणि खरं सांगा. जागा असल्याचं कळलं, की मगच आपल्या डीनकडे जा, कारण पत्र त्यांच्याकडूनच यायचं आहे.

खरी मेहनत विषयांच्या जुळवणीत आहे, आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. कॉलेजच्या कॅटलॉगमधला तीन ओळींचा परिचय पाठवून काही होत नाही. प्रत्येक विषयाचा पूर्ण सिलॅबस, लेक्चर आणि लॅबचे तास, क्रेडिट, वापरलेलं पुस्तक, परीक्षेची पद्धत हे सगळं पीडीएफमध्ये जमवा. हे काम वर्ष चालू असतानाच करा. कॉलेजचं लॉगिन बंद झालं, की सिलॅबस मागत फिरावं लागतं.

अ‍ॅनाटॉमीचंच घ्या. एका कॉलेजात पहिल्या सत्रात संपूर्ण शरीराची अ‍ॅनाटॉमी, दुसऱ्यात फक्त पायांची, डिसेक्शनसह. दुसऱ्या कॉलेजात सगळं शरीरातल्या संस्थांनुसार: हाडं-स्नायू एका ब्लॉकमध्ये, हृदय दुसऱ्यात. पहिल्या प्रकारच्या कॉलेजात पायाची अ‍ॅनाटॉमी पुढे ढकललेली असेल आणि तुम्ही मध्येच बाहेर पडलात, तर नव्या वर्गात बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) सुरू होईल तेव्हा तळपायाच्या स्नायूंचे चार थर सगळ्यांना पाठ असतील, तुम्हाला सोडून. म्हणून जुळवणीचा तक्ता करताना ‘हा विषय झाला’ एवढंच लिहू नका. त्यातलं काय राहिलंय तेही लिहा आणि ते उन्हाळ्यात भरून काढता येईल का, हे तिथल्या विभागाला विचारा. राहिलेलं आधीच कबूल केलेला अर्ज तपासणाऱ्याला सोपा जातो.

क्रेडिट मिळालं तरी जुने गुण नव्या जीपीएत धरले जातीलच असं नाही. वर्गातला क्रमांक कसा काढणार, हेही लेखी विचारून घ्या. पदवीनंतर हॉस्पिटलात प्रशिक्षण घ्यायचं असतं, ती रेसिडेन्सी. तिच्या जागावाटपात, म्हणजे ‘मॅच’मध्ये, गुण आणि क्रमांक बघितले जातात, आणि तीन वर्षांच्या रेसिडेन्सीशिवाय पुढे गाडी हलत नाही. परवान्यासाठीची एपीएमएलई पार्ट वन ही परीक्षा दुसऱ्या वर्षानंतर असते. ट्रान्सफर त्याच सुमारास असेल, तर परीक्षेसाठी तुमची पात्रता कोणतं कॉलेज कळवणार हे दोन्ही रजिस्ट्रारकडून ठरवून घ्या. ‘ते बघतील’ म्हणत दोघंही थांबतात.

आता पैसा. सत्राचा ६० टक्के काळ होण्याआधी कॉलेज सोडलं, तर सरकारी कर्जाचा न ‘कमावलेला’ भाग परत जातो आणि उरलेल्या फीचं बिल कॉलेज तुमच्या हातात ठेवतं. त्यामुळे सोडायचं ते सत्र पूर्ण करूनच. दुसरं म्हणजे १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज बंद, आणि पोडियाट्रीसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २,००,०००. आधीपासून कर्ज घेतलेल्यांना काही काळ जुन्या नियमांची सवलत आहे, पण ती चालू अभ्यासक्रमाशी बांधलेली आहे. कॉलेज बदलल्यावर ती टिकते का, याचं उत्तर नव्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या, तेही डिपॉझिट भरण्याआधी. जुन्या कॉलेजची थकबाकी असेल, तर ट्रान्स्क्रिप्टही (अधिकृत गुणपत्रक) अडकू शकतो.

पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी क्रम मुळीच चुकवू नये. आधी नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र, मग ते जुन्या कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) दाखवून सेव्हिस रेकॉर्डच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या, ट्रान्सफरची तारीख ठरवणं, मग नवं आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला). रागाच्या भरात आधी नाव काढून घेतलंत तर, डीएसओची परवानगी असली तरी, देश सोडायला अवघे १५ दिवस मिळतात. ट्रान्सफरच्या तारखेनंतर रेकॉर्ड नव्या कॉलेजच्या ताब्यात जातं, म्हणून बेत बदलायचा तर त्या तारखेआधी. नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवा, आणि आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेपासून १५ दिवसांत नव्या डीएसओकडे नोंद करायची. ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा लागत नाही. मात्र भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज जुन्या कॉलेजच्या नावाने मंजूर झालेलं असतं. नवं आय-२० आणि फीचा तक्ता बँकेत देऊन मंजुरी बदलून घेतल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. शाखेतलं हे काम आठवड्यांत मोजायचं, दिवसांत नाही.

नव्या कॉलेजचं सहीचं पत्र, मान्य झालेल्या क्रेडिटची यादी आणि फीचा आकडा, हे तीन कागद हातात येईपर्यंत जुनी सीट सोडू नका. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारे दरवर्षी निघतात, आणि मग दोन्हीकडून ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकतात. ‘जागा आहे, या’ असं फोनवर ऐकलं तरी त्याच संध्याकाळी ईमेल टाकून ते लेखी करून घ्या.

जुन्या कॉलेजातून निघताना हिपॅटायटिस बीच्या टायटरचा (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या तपासणीचा) रिपोर्ट, टीबीची तपासणी, लसींच्या नोंदी आणि बीएलएसचं (जीवरक्षक प्रथमोपचार प्रशिक्षणाचं) कार्ड यांच्या प्रती स्वतःजवळ घ्या. नवं कॉलेज हे सगळं पुन्हा मागतं, आणि त्याशिवाय क्लिनिकमध्ये पाऊल टाकू देत नाही.